नित्य संगणक-वापरासाठी लिनक्स वितरणाची निवड : ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टिकोनातून एक समीक्षा

सारांश : लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी नित्य वापरासाठी कोणते निवडावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा वेग, देखणेपणा आणि लोकप्रियता या निकषांवर केली जाते. प्रस्तुत लेखात या निकषांची चिकित्सा केली असून मराठीतून लेखन, आधारकाल, देखभाल करणारी व्यक्ती आणि जुन्या दस्तऐवजांचे भवितव्य हे चार निकष अधिक निर्णायक आहेत असे प्रतिपादन केले आहे. ‘बॉस’ या भारतीय वितरणाच्या अनुभवाचे मूल्यमापन करून शिरूर व दौंड परिसरातील महाविद्यालयांसाठी काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजशब्द : लिनक्स, वितरण, मुक्त स्रोत, युनिकोड, मराठी संगणन, बॉस, ग्रामीण महाविद्यालय.

१. प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आला. काही अटींवर अथवा शुल्क भरून सुरक्षा-दुरुस्त्यांची मर्यादित मुदतवाढ मिळू शकते. परंतु ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक आहे. परिणामी २०१८ पूर्वी खरेदी केलेले बहुतांश संगणक, ते उत्तम चालत असले तरी, अधिकृतरीत्या नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. मोठ्या शहरातील संपन्न संस्था असे संगणक बदलून टाकतील. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मात्र संगणक खरेदी ही पाच-सात वर्षांतून एकदा घडणारी घटना असते. तेथे प्रश्न सरळ आहे : आधार नसलेली प्रणाली धोका पत्करून वापरत राहायची, अनधिकृत प्रतींचा मार्ग धरायचा, की अन्य पर्यायाचा गांभीर्याने विचार करायचा?

हा प्रश्न नवा नाही. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आणि १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपला, तेव्हाही तो उपस्थित झाला होता. दोन्ही वेळा ‘लिनक्स घ्यावे’ अशी सूचना पुढे आली आणि दोन्ही वेळा ‘कोणते लिनक्स?’ या प्रतिप्रश्नापाशी ती अडली. प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रतिप्रश्न आहे. संगणकशास्त्राच्या अध्यापकास तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी, इतिहास, वाणिज्य किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका, टाचणे, अहवाल व शोधनिबंध संगणकावर स्वतः तयार करणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने त्याच्या उत्तरावर रोजचे काम अवलंबून असते.

२. वितरण ही संकल्पना

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहावयास घेतलेले लिनक्स हे काटेकोरपणे पाहता केवळ प्रणालीचे गाभाकेंद्र आहे. त्याला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील खिडक्या-चिन्हांचे वातावरण, ब्राउझर, लेखनाचे व हिशेबाचे कार्यक्रम यांची जोड देऊन जे वापरण्याजोगे संपूर्ण पॅकेज तयार होते, त्याला वितरण म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन ही १९९३ मध्ये सुरू झालेली वितरणे आजही चालू आहेत. उबुंटू २००४ मध्ये डेबियनच्या पायावर उभे राहिले आणि २००६ मध्ये उबुंटूच्या पायावर लिनक्स मिंट.

या वंशावळीचा एक अर्थ असा की वितरणांतील भेद वरवर दिसतो तेवढा मूलगामी नसतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस किंवा देवनागरी अक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ हे ग्रंथालय सर्वत्र तेच असते. फरक असतो तो निवडीचा, जुळणीचा आणि सांभाळण्याचा : कोणती आवृत्ती घ्यायची, ती किती काळ सांभाळायची, बदल केव्हा करायचे आणि हे निर्णय कोणी घ्यायचे. ग्रंथव्यवहारातील उपमा द्यायची तर संहिता बव्हंशी एकच, संपादक आणि प्रकाशक भिन्न. म्हणून वितरणाची समीक्षा ही मुख्यतः त्याच्या संपादकीय धोरणाची समीक्षा असावयास हवी.

येथे आणखी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील एकाच शब्दामुळे जो घोटाळा होतो तो मराठीत टाळता येतो, कारण आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द आहेत. लिनक्स मोफत मिळते हे बहुधा खरे असले तरी त्याचे वैशिष्ट्य मुक्ततेत आहे : वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांस देण्याचे स्वातंत्र्य. महाविद्यालयीन चर्चेत मात्र ‘मोफत’ हाच पैलू पुढे येतो. त्यामुळे लिनक्स हे परवडत नाही म्हणून स्वीकारावयाचे दुय्यम साधन अशी समजूत रूढ होते आणि त्याच्यासाठी प्रशिक्षणाची तरतूद करण्याची गरज कोणास वाटत नाही. जे फुकट आले त्यावर खर्च कशाला, या युक्तिवादाने अनेक प्रयत्न निष्फळ ठरतात.

३. प्रचलित निकषांची चिकित्सा

वितरणांच्या तुलना विपुल उपलब्ध आहेत. त्यांत सामान्यतः संगणक किती सेकंदांत सुरू होतो, किती स्मृती व्यापतो, पडदा कसा दिसतो आणि सध्या कोणते वितरण लोकप्रिय आहे, यांचा विचार असतो. हे निकष निरर्थक नाहीत. पण ते नवे वितरण पहिल्या आठवड्यात कसे वाटते एवढेच सांगतात. अध्यापकाचा संबंध पाच वर्षांशी असतो.

आधारकालाचे उदाहरण घेऊ. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीस सुमारे तेरा महिनेच आधार मिळतो. नवे तंत्रज्ञान प्रथम अनुभवायचे असल्यास हे योग्य आहे. पण चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत दरवर्षी संपूर्ण प्रणाली बदलणे हे एका साहाय्यकाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. याउलट उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षे नियमित आधार असतो. एप्रिल २०२४ मधील २४.०४ ही आवृत्ती त्यामुळे २०२९ पर्यंत चालेल. तिच्यावरच आधारित लिनक्स मिंट २२ चा काल तेवढाच आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो.

आधारकाल कागदावर असणे आणि प्रत्यक्षात पाळला जाणे यांतही अंतर पडू शकते. सेंटओएस ८ चा आधार २०२९ पर्यंत राहील अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ च्या अखेरीस संपवण्याची घोषणा झाली. ज्या संस्थांनी त्या भरवशावर सर्व्हर उभारले होते त्यांची तारांबळ उडाली. तात्पर्य, वितरणामागे कोण आहे हा प्रश्न तांत्रिक वैशिष्ट्यांइतकाच महत्त्वाचा आहे. डेबियन स्वयंसेवकांच्या लिखित घटनेनुसार चालते, उबुंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे, तर मिंट हे छोट्या चमूचे काम आहे. कंपनीमागे पैसा असतो आणि तिचे व्यापारी हितही असते. स्वयंसेवकांची गती मंद असते, पण त्यांचे धोरण एका रात्रीत बदलत नाही. यांतील कोणतीही रचना निर्दोष नाही, आणि निवड करताना हे माहीत असणे इष्ट आहे.

४. मराठीची कसोटी

इंग्रजी तुलनांत जो निकष कधीच नसतो आणि आपल्या दृष्टीने जो पहिला असावयास हवा, तो म्हणजे मराठी. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : पडद्यावरील सूचना मराठीत असणे आणि मराठीतून लेखन करता येणे.

पहिल्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. २००० च्या सुमारास मुंबईत उभा राहिलेला इंडलिनक्स हा स्वयंसेवी प्रकल्प, एनसीएसटी या संस्थेचा इंडिक्स प्रकल्प आणि रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील कार्यालयातील भाषांतरकार यांनी लिनक्सच्या पडद्यावर मराठी आणली. २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्युएल या उपक्रमाने वारंवार येणाऱ्या संज्ञांत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला. परंतु हे काम मोजक्या व्यक्तींवर अवलंबून राहिले. ‘फोल्डर’ला ‘संचयिका’ म्हणावे की ‘फोल्डर’च ठेवावे, यावर मराठीच्या प्राध्यापकांनी जी चर्चा करावयास हवी होती ती झाली नाही, निर्णय संगणक अभियंत्यांनी आपल्या परीने घेतले. पुढे अनुवादाची गती मंदावली आणि नव्या आवृत्त्यांत अर्धे वाक्य मराठी, अर्धे इंग्रजी असा पडदा दिसू लागला. या दोषाची जबाबदारी भाषांतरकारांवर टाकणे अन्याय्य ठरेल. विद्यापीठीय मराठी विभागांनी पारिभाषिक शब्दावलीवर परिसंवाद घेतले, पण जेथे ती शब्दावली रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर येणार होती, त्या कामाकडे पाहिले नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आणि अधिक समाधानकारक आहे. आज कोणत्याही प्रमुख वितरणात युनिकोड मराठीचे लेखन करता येते. आयबस या साधनाद्वारे इनस्क्रिप्ट आणि उच्चाराधिष्ठित कळपाट उपलब्ध होतात. लोहित हा रेड हॅटने २००४ पासून मुक्त परवान्याखाली दिलेला फॉन्ट, तसेच नोटो, मुक्ता असे मुक्त फॉन्ट सहज मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने तयार करवलेला यशोमुद्राही वापरता येतो. येथे एक बाब नमूद करण्याजोगी आहे. विंडोजमधील सुपरिचित मंगल हा फॉन्ट आणि इंडिक्स प्रकल्पाचा मुक्त परवान्यावरील रघू हा फॉन्ट, या दोहोंची अक्षरे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातची आहेत. बंदिस्त आणि मुक्त या दोन्ही परंपरांना देवनागरीचे वळण एकाच मराठी कलावंताने दिले.

तथापि ‘मराठी चालते’ या विधानावर विसंबू नये. कोणतेही वितरण निवडण्यापूर्वी पुढील कसोटी घ्यावी. ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हस्व’, ‘ॲड.’, ‘वाङ्मय’, ‘क्षीरसागर’ हे शब्द प्रत्यक्ष टंकित करून पाहावेत. ‘ऱ्य’ मधील अर्धा र आणि ‘ॲ’ हे अक्षर ही मराठीची खास गरज आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यामुळे जुन्या कळपाटांत ते सापडत नाही. दस्तऐवजाची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवावी. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे त्यामुळेच उमटतात, आणि मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाविषयीच्या २००९ च्या शासन निर्णयातही या वळणांचा विचार आहे. शेवटी विद्यार्थ्यांची मराठी यादी वर्णानुक्रमे लावून पाहावी. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. यादी हिंदीच्या क्रमाने लागत असेल तर भाषेची मांडणी अपुरी आहे असे समजावे. ही परीक्षा पंधरा मिनिटांची आहे आणि कोणत्याही गुणतक्त्यापेक्षा ती अधिक सांगते.

मराठीचा खरा अडसर वर्तमानात नसून भूतकाळात आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या महाविद्यालयांतील बहुतांश मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अथवा सी-डॅकच्या डीव्हीबी मालिकेतील जुन्या फॉन्टांत साठवला गेला. या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. फॉन्टची फाइल लिनक्सवर बसवून असा मजकूर वाचता येईल, पण त्यासोबतचे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेले असल्याने त्यात भर घालणे कठीण होते. म्हणून स्थलांतराची पहिली पायरी लिनक्स बसवणे ही नसून जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे ही आहे, आणि ती विंडोज हाती असतानाच पूर्ण करावी. रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ आहे. रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. हे काम लिनक्स न स्वीकारताही करावे लागणारच आहे, कारण श्रीलिपीतील प्रबंध शोधयंत्रास सापडत नाही आणि संकेतस्थळावर वाचता येत नाही.

५. ‘बॉस’चा अनुभव

भारतीय भाषांसाठी भारतात तयार झालेले वितरण असताना अन्यत्र का जावे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, म्हणजेच ‘बॉस’, हे वितरण सी-डॅकने विकसित केले. त्याची पहिली आवृत्ती २००७ च्या आरंभी आली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात असले तरी हे काम प्रामुख्याने चेन्नई केंद्राचे. पाया डेबियनचा, मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आणि शाळांसाठी एडुबॉस ही स्वतंत्र आवृत्ती, अशी त्याची रचना होती. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा बॉसला अनुकूल काळ आला असे वाटले होते.

बॉसचे श्रेय नाकारता येत नाही. ज्या काळात लिनक्सवर देवनागरी टंकित करण्यासाठी अर्धा दिवस खटपट करावी लागे, त्या काळात बॉसने ती सोय तयार स्वरूपात दिली. शासकीय संस्थेचे नाव असल्याने कार्यालयीन टिप्पणीत त्याचा उल्लेख करणे सोपे होते; प्राचार्यांना ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत होते.

तरीही नित्य वापराचे वितरण म्हणून बॉस रुजले नाही. त्याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की जी भाषिक सोय हे त्याचे वैशिष्ट्य होते, ती पुढे मूळ प्रकल्पांतच समाविष्ट झाली. लोहितसारखे फॉन्ट, कळपाट, अक्षरजुळणीतील सुधारणा या गोष्टी डेबियन, उबुंटू, फेडोरा या सर्वांत आल्या. मुक्त स्रोताच्या दृष्टीने हे यश आहे. स्वतंत्र वितरणाच्या दृष्टीने मात्र त्यामुळे त्याचे प्रयोजनच क्षीण झाले. दुसरे असे की वितरण तयार करणे हे एकदाचे काम नसते. मूळ डेबियनची नवी आवृत्ती आल्यावर ती तपासून, आपल्या भरीसह पुन्हा जुळवून द्यावी लागते आणि मध्यंतरी सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर पोहोचवाव्या लागतात. त्याहून मोठी उणीव वापरकर्त्यांच्या समुदायाची होती. अडचण आल्यावर जिचे उत्तर शेजारच्या गावातील कोणाला तरी माहीत असेल अशी परिस्थिती बॉसभोवती निर्माण झाली नाही.

म्युनिक नगरपालिकेचा लिमक्स हा प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. २००३ मध्ये निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक स्वतःच्या लिनक्स वितरणावर आणलेल्या या नगरपालिकेने २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यामागे राजकीय बदल होते, तसेच संगणक-विभागाच्या विस्कळीत रचनेच्या तक्रारीही होत्या. याउलट केरळमध्ये आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाने शाळांत लिनक्स रुजवले आणि २०१७ नंतर काइट या संस्थेद्वारे ते काम चालू आहे. केरळनेही आपले स्वतंत्र रूप तयार केले, पण ते उबुंटूसारख्या प्रचलित पायावर; आणि मुख्य म्हणजे त्याआधी व त्यासोबत शिक्षकांना शिकवले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली आणि परीक्षा त्याच प्रणालीवर घेतली. मल्याळम संगणनासाठी २००२ पासून कार्यरत असलेला स्वयंसेवकांचा समुदायही पाठीशी होता. बॉस आणि केरळ यांच्यातील अंतर सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे नाही. एका ठिकाणी वितरण दिले गेले. दुसऱ्या ठिकाणी वितरणासोबत शिक्षक तयार केला गेला.

६. प्रमुख वितरणांचे तुलनात्मक मूल्यमापन

उपरोक्त निकषांवर नित्य वापराची चार-पाच वितरणे तपासता पुढील चित्र दिसते.

डेबियन स्थिरतेत सर्वश्रेष्ठ आहे. पूर्वी वाय-फाय चालवण्यास लागणाऱ्या बंदिस्त फाइली त्यात नसत व नवागत तेथेच अडखळत असे. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून त्या स्थापनेच्या माध्यमातच समाविष्ट झाल्या. प्रयोगशाळेसाठी, तसेच कोहासारखी ग्रंथालय-प्रणाली चालवणाऱ्या सर्व्हरसाठी ते उत्तम. मात्र ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय राहिलेली नाही. अतिजुन्या यंत्रांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे.

उबुंटूचे बळ त्याच्या प्रसारात आहे. २०११ पर्यंत ते मागेल त्यास घरपोच सीडी पाठवत असे. लिनक्सचा पहिला परिचय अनेक भारतीय विद्यार्थ्यांना त्या सीडीतून झाला. कोणत्याही अडचणीचे लिखित उत्तर त्याच्यासाठी सापडते. परंतु २४.०४ साठी किमान ४ जीबी स्मृती अपेक्षित आहे आणि त्याचे पडद्यावरील वातावरण विंडोजला सरावलेल्या व्यक्तीस सुरुवातीस अपरिचित वाटते.

लिनक्स मिंटचा पडदा विंडोजच्या जुन्या मांडणीशी मिळताजुळता आहे : खाली पट्टी, डावीकडे सूची. पन्नाशीच्या अध्यापकास नव्याने काही शिकावे न लागणे हा लहान गुण नव्हे. किमान २ जीबी स्मृतीवर ते चालते, ४ जीबी असल्यास सुखाने. उबुंटूने पुढे केलेली स्नॅप ही सॉफ्टवेअर-पद्धती मिंटने २०२० पासून आपल्या मांडणीत बंद ठेवली. मूळ पायाचे सर्वच निर्णय मुकाट्याने न स्वीकारण्याचे हे संपादकीय स्वातंत्र्य आहे. उणीव एवढीच की त्याचे सांभाळकर्ते थोडे आहेत.

फेडोराने मराठीसाठी पुण्यातून झालेल्या कामाचा पहिला लाभ घेतला, ही कृतज्ञतेची बाब आहे. परंतु अल्प आधारकालामुळे सामान्य अध्यापकास त्याची शिफारस करता येत नाही. झुबुंटू आणि लुबुंटू ही हलकी रूपे जुन्या यंत्रांसाठी उपयुक्त आहेत. त्यांच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांचा काल मात्र तीन वर्षांचा असतो. येथे असेही सुचवावेसे वाटते की जुना संगणक हलक्या वितरणाने जितका सुधारतो, त्याहून अधिक तो फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने सुधारतो. वितरणाच्या शोधात घालवलेले कित्येक दिवस या एका बदलाने वाचतील.

७. शिरूर-दौंड परिसरातील वस्तुस्थिती आणि आक्षेप

घोड नदीकाठचे शिरूर पुण्यापासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटरवर, अहिल्यानगर रस्त्यावर आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. पुण्याचे सान्निध्य असले तरी संगणक-दुरुस्तीची मदत शहरात जितकी सहज मिळते तितकी येथे मिळत नाही. गावातील दुरुस्ती करणारा तरुण विंडोज पुन्हा बसवून देतो. लिनक्सचे नाव काढताच तोही ‘सर, विंडोजच टाकू’ म्हणतो. त्याचा हा सल्ला त्याच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे. अशा ठिकाणी ‘सर्वोत्तम वितरण’ म्हणजे ज्याची माहिती जवळच्या किमान दोन व्यक्तींना आहे ते वितरण. गुणवत्तेत किंचित कमी, पण शेजारच्या महाविद्यालयातही तेच असलेले वितरण अधिक टिकते.

या संदर्भात तीन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला रोजगाराचा. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत अथवा तालुक्यातील व्यापारी पेढ्यांत नोकरीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास एक्सेल आणि टॅली येणे अपेक्षित असते. टॅली विंडोजसाठीच बनते, हे सत्य आहे. म्हणून वाणिज्य विभागाची एक प्रयोगशाळा परवानाधारक विंडोजवर ठेवणे शहाणपणाचे आहे. पण त्यावरून मराठी विभाग, ग्रंथालयातील वाचनकक्ष आणि अध्यापक-कक्ष यांनाही तेच हवे असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास पुढे जे सर्व्हर आणि महासंगणक भेटतात ते बव्हंशी लिनक्सवरच चालतात. त्याच्या दृष्टीने रोजगाराचा युक्तिवाद उलट दिशेने जातो.

दुसरा आक्षेप उपकरणांचा. प्रिंटर हा अनेक प्रयोगांचा शेवट ठरला आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सचा चांगला आधार आहे. याउलट कार्यालयांत सर्रास आढळणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरांना स्वतंत्र चालक बसवण्याची खटपट करावी लागते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बोटांच्या ठशांची उपकरणे यांचीही आधी खात्री करून घ्यावी. वेतनाची सेवार्थ प्रणाली आणि बहुतेक शासकीय पोर्टले ब्राउझरमध्ये चालत असल्याने पूर्वीची मोठी अडचण मात्र दूर झाली आहे. ग्रंथालयात सोल २.० सारखी विंडोजवर बेतलेली प्रणाली असल्यास तो संगणक बदलू नये.

तिसरा आक्षेप दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीचा. लिब्रेऑफिसमध्ये केलेली वर्डची फाइल दुसरीकडे उघडल्यावर पृष्ठरचना सरकते. याचे एक मोठे कारण फॉन्टचे आहे : मंगलमध्ये लिहिलेला मजकूर लोहितमध्ये उघडला की ओळी कमी-अधिक होतात. दोन्हीकडे एकच मुक्त फॉन्ट बसवला आणि अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात पाठवली, तर ही तक्रार बव्हंशी संपते. किचकट मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलींबाबत मात्र ती संपत नाही, हे मान्य केले पाहिजे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा उल्लेख आवश्यक आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादींवरील छोटे दृक्‌श्राव्य पाठ त्यांनी मराठीतही उपलब्ध केले असून इंटरनेटशिवाय वापरण्याचीही सोय आहे. पाठ पाहता पाहता तेच आपल्या संगणकावर करून पाहावे अशी त्यांची पद्धत आहे. साधन आहे, त्यासाठी वेळापत्रकात तास ठेवणे हे संस्थेचे काम आहे.

८. निष्कर्ष

(अ) वितरणाची निवड हा प्रथमतः तांत्रिक नसून देखभालीचा आणि संघटनेचा प्रश्न आहे. कोण सांभाळणार याचे उत्तर नसताना केलेली कोणतीही निवड टिकत नाही.

(आ) अध्यापकाच्या व्यक्तिगत संगणकासाठी लिनक्स मिंट अथवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती, आणि प्रयोगशाळा व सर्व्हर यांसाठी डेबियनची स्थिर आवृत्ती ही निवड सध्याच्या स्थितीत समर्थनीय आहे. ही तिन्ही एकाच कुळातील असल्याने एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडते, हा त्यातील मुख्य लाभ.

(इ) निवडीपूर्वी यूएसबीवरून प्रणाली न बसवता चालवून पाहावी आणि मराठी लेखन, प्रिंटर, प्रोजेक्टर व वाय-फाय यांची चाचणी दोन आठवडे प्रत्यक्ष कामात घ्यावी. जुन्या फॉन्टांतील मजकुराचे युनिकोड रूपांतर त्याआधी पूर्ण करावे.

(ई) शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयांनी एकत्र येऊन एकच वितरण ठरवावे आणि प्रत्येक महाविद्यालयातून दोन व्यक्तींना, त्यांतील एक संगणकेतर विषयाची असावी, त्यात तयार करावे. यासाठी शासनाच्या आदेशाची अथवा मोठ्या निधीची गरज नाही.

(उ) बॉसच्या अनुभवातून स्वतंत्र मराठी वितरणाची मागणी करण्याचा मोह टाळावा. मूळ प्रकल्पांतील मराठी अनुवाद, शब्दकोश आणि वर्णक्रम यांत भर घालणे अधिक फलदायी आहे. मराठी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून लिब्रेऑफिसच्या मराठी अनुवादाचा एखादा भाग तपासावयास देता येईल. त्यांनी सुधारलेला शब्द त्या कार्यक्रमाच्या पुढील आवृत्तीतून महाराष्ट्रभरच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचेल. मराठीच्या अभ्यासक्रमातील फारच थोड्या प्रकल्पांना असा वाचक लाभतो.